लानच्या दुकानामागचा अळू

घराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्याच्या काचा एका क्षणात पांढऱ्याफट झाल्या, की समजावं भाद्रपद जवळ आला. बहारीनमध्ये भाद्रपद असाच येतो. इथे ना तेरडा फुलतो, ना बांधावर आघाडा सापडतो. समुद्रावरची दमट हवा ओलं घोंगडं टाकावं तशी अंगावर पडते, गाडीचं हँडल चटका देतं, आणि मनामा शहरातल्या दुकानांतून प्लास्टिकच्या फुलांची मखरं लटकायला लागतात. बायका म्हणतात, "चला, बाप्पा आले!" मीही म्हणते, म्हणायला काय जातंय? पण मला या दिवसांत बाप्पाच्या आधी एक व्हिएतनामी बाई आठवते आणि माझं डोकं फिरतं. खरं तर ते स्वतःवरच फिरतं. पण स्वतःवर चिडून माणूस किती वेळ बसणार? मग मी नवऱ्यावर चिडते, एसीवर चिडते, कुकरच्या शिट्टीवरसुद्धा चिडते.

तिचं नाव लान. जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, बसथांब्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत तिचं दुकान होतं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला राजापूरच्या इस्माईलचाचांचं शिलाईचं दुकान. चाचांनीच मला ते दाखवलं. मी ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते आणि सवयीप्रमाणे कुरकुरत होते, की या देशात सोनं मिळतं, पण एक केळफूल मिळेल तर शपथ! चाचांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "वयनी, जरा बाजूला जावन बगा. त्या बाईकडं आपल्या गावचा सगला हाय."

आत शिरले आणि वासानेच दोन पावलं मागे आले. माशाचं खारं पाणी ते लोक बाटल्यांत भरून ठेवतात आणि आपण कोकमाचं आगळ घालावं तसं कशातही घालतात. नाकाला पदर लावणार, तेवढ्यात तो वास ओळखीचा वाटायला लागला. चिपळूणच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत आईचा हात धरून मी ज्या वासात उभी राहायची, तोच हा, थोडा आंबलेला. मग डोळ्यांना एकेक दिसायला लागलं. सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. गवती चहाच्या जुड्या. लाल माठ, घोसाळी, सुरण. कोवळ्या फणसाच्या कुयऱ्या. तांदळाच्या काचेसारख्या पातळ चकत्या, आपल्या पापड्यांच्या मावसबहिणी. आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळलेली, जांभळी, थंडगार तीन केळफुलं. मी तिथे उभी राहून रडले. खोटं कशाला बोलू, केळफुलासाठी रडले. आई गेली तेव्हा रजा मिळाली नव्हती, तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

गल्ल्यावरची बाई उठून आली. पन्नाशीची, ठेंगणी, फुलाफुलांचा पायजमा-सदरा, गळ्यात टॉवेल. तिने एक स्टूल पुढे केलं, पाण्याची बाटली दिली आणि केळफूल हातात घेऊन बोटांनी चिरून दाखवलं, म्हणजे असंच ना? मी मान हलवली. तिने प्रत्येक फुलातला तो कडक दांडा उपटून टाकायची खूण केली. तीच रीत! माझ्या पुण्याच्या नवऱ्याला लग्नाला बारा वर्षं झाली तरी जे कळलं नाही, ते या बाईला ठाऊक होतं.

मग मी दर शुक्रवारी जायला लागले. तेव्हा सात वर्षांची असलेली माझी मुलगी ईरा सोबत असायची. शुक्रवारी तिथे गर्दी असे. वेल्डिंगची कामं करणारे व्हिएतनामी लोक, बंगल्यांतून काम करणाऱ्या त्यांच्या बायका, सगळे सुट्टीचे दोन तास तिथे उभ्याने काढायचे. काही घ्यायचे, काही नुसतं हुंगायचे. त्यांचं बघून मला हसू यायचं आणि मी वेगळं काय करत होते? लानच्या दोन मुली तिकडे शिकत होत्या, आजीकडे राहून. गल्ल्यामागे त्यांचा फोटो होता, पांढऱ्या लांब कपड्यातल्या दोघी, सायकली धरून. लान त्या फोटोकडे बोट दाखवायची, मग दुकानाकडे. म्हणजे हे चाललं तर ते चालेल.

आता माझ्या स्वभावाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी ते दुकान लपवलं. आमच्या मराठी बायकांच्या मंडळात एकीलाही त्याचा पत्ता दिला नाही. मंडळ म्हणजे सुलभाताई. राहायला बुसैतीनला, मोठं घर, गणपती पाच दिवसांचा, आणि बोलणं असं की साखरेत घोळवलेली सुई. "अगं, तुम्हा कोकणातल्यांना काय, खोबरं टाकलं की झालं!" असं सगळ्यांसमोर म्हणायच्या आणि वर पाठीवरून हात फिरवायच्या. त्या मंडळात मी केळफुलाची भाजी नेली. सुलभाताईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि विचारलं, "केळफूल कुठलं गं?"

"आईने पाठवलं," मी म्हटलं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्यानंतर माझा भाव वधारला. फणसाची भाजी, माठाच्या देठी, सोड्यांची आमटी, सगळं "गावाहून आलं". मेलेल्या बाईच्या नावावर मी दोन वर्षं मान मिरवला. आणि त्या वर्षी सुलभाताईंनी जाहीर केलं, "ऋषीची भाजी यंदा हिच्याकडे!" मला आभाळ ठेंगणं झालं.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं काही नको. परसात हाताने लावलेलं, वेलावरचं, आपोआप उगवलेलं चालतं. सगळ्या भाज्या एकत्र, आणि त्यात अळू हवाच, पानं आणि देठ दोन्ही. अळूशिवाय ऋषीची भाजी म्हणजे नवरीशिवाय लग्न. लहानपणी मला हे फार आवडायचं, की वर्षभर राबणाऱ्या बैलाची कुणी एक दिवस आठवण ठेवतं. आता वाटतं, बैलाचं एक बरं आहे. त्याच्या कष्टाचं पाप लागतं असं कुणीतरी लिहून ठेवलंय. बाईच्या कष्टाचं कुणी लिहिलं नाही.

लानच्या दुकानामागे बोळ होता. तिथे शेवाळी रंगाची जाळी बांधून तिने थर्माकोलच्या खोक्यांत अळू लावला होता. वर तीन एसी, त्यांचं पाणी चोवीस तास ठिबकायचं. ते नळीने तिने खोक्यांत सोडलं होतं. बाहेर माणूस भाजून निघेल अशा उन्हात तिथे छातीइतका अळू, पान एवढं की ईरा त्याखाली उभी राहायची. बैल नाही, नांगर नाही, दोन हात आणि एसीचं पाणी. ऋषींनी स्वतः येऊन मागितला असता असा अळू! ती त्याचे देठ विकायची, सोलून, तिरपे कापून. त्यांच्याकडे ते आंबट सारात घालतात. पानं ती कचऱ्यात टाकायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गेले आणि म्हटलं, "मला पानं पण हवीत."

लानने हात हलवला. "लीफ, नो. लीफ नो इट."

"वी ईट," मी म्हटलं.

"धिस वन नो." तिने गळ्यावर बोटं फिरवली, खरवडल्यासारखी. मग स्वतःचा घसा धरून डोळे मोठे केले. ईराला हसू आलं. लान हसली नाही. तिने ईराचा हात धरला आणि तिला सांगितलं, "यू टेल मामा. स्टेम ओके, कुक लाँग. लीफ, व्हेरी बॅड. चिल्ड्रन, व्हेरी बॅड."

ईरा म्हणाली, "मम्मा, शी इज सेइंग..."

"कळलं मला. मराठीत बोल," मी तिच्यावर खेकसले. ती मराठीत काही बोलली नाही, कधीच बोलायची नाही. समजायचं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि मी लानकडे वळून काय म्हटलं असेल? म्हटलं, "माय पीपल ईटिंग धिस थाउजंड इयर्स." कोकणातल्या बाईला अळू शिकवतेय! माझा पाराच चढला. हिरव्या देठाचा, म्हणजे भाजीचाच अळू, न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे? लानने मग वाद घातला नाही. पानं कापून दिली, पण पिशवी माझ्या हातात देताना पुन्हा एकदा तिने घशाला हात लावला.

भाजी सुलभाताईंच्या घरीच करायची होती, सोवळ्यात. मी सकाळी सातला त्यांच्या स्वयंपाकघरात पानं चिरायला घेतली. चौथ्या पानाला हाताला मुंग्या आल्या. दहाव्याला आग. चिंचेचा कोळ चोळला, उपयोग शून्य. कोपरापर्यंत हात लालेलाल झाले. अळू थोडा खाजतो, सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण हे तसलं नव्हतं, ही दुसरीच जात होती. तेव्हाच कळलं. मी पुन्हा सांगते, कारण इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. कढई उचलून मोरीत ओतायची, एवढंच करायचं होतं. पण बाहेर पंचवीस माणसं, आणि सुलभाताई दर दहा मिनिटांनी डोकावून, "झाली का गं आमच्या कोकणच्या सुगरणीची भाजी?" असल्या वेळी बाई कढई ओतत नाही. मी उरलेली चिंच घातली, आच वाढवली आणि मनात म्हटलं, शिजेल, जाईल खाज. चव घेऊन बघायची सोय नव्हती. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नसतं. त्या नियमाच्या आड मी लपले. त्या दिवशी तो नियम मला फार सोयीचा होता.

पहिला घास सुलभाताईंनी घेतला. दुसऱ्या घासाला सगळे पाण्याच्या भांड्याकडे वळले. मग खाकरणं, खोकणं, ताक, तूप, साखर, पोरांची रडारड. सुलभाताईंच्या चार वर्षांच्या नातवाचे, मुन्नाचे ओठ सुजले आणि तो श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करायला लागला. त्याला उचलून दवाखान्यात पळवलं. इंजेक्शन दिलं, दोन तासांनी घरी आला, आईस्क्रीम खात आला. पण ते दोन तास मी त्या सोफ्यावर बसले होते, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. कुणीतरी विचारलं, "आईने पाठवलेला अळू होता का?"

आणि मी म्हटलं, "नाही हो, इथलाच. एका व्हिएतनामी बाईने दिला. मला म्हणाली, खायचाच आहे, बेस्ट आहे." वर मी जोडलं, "त्या लोकांना काय, काहीही खातात. फसवलं मला."

दोन वर्षं जिचा पत्ता मी लपवून ठेवला, तिचं नाव मी मंडळात पहिल्यांदा उच्चारलं ते असं. गल्ली, दुकान, शेजारची लाँड्री, सगळं सांगितलं. कोपऱ्यात ईरा बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले, तिने मान खाली घातली.

सुलभाताईंच्या मुलाने दुसऱ्या दिवशी तक्रार केली. आठवड्याभरात तपासणीचे लोक आले. त्यांनी जाळी, खोकी, नळी सगळं पाहिलं, आणि दुकानाला कागद चिकटवून गेले. कागदावर आरोप, विषारी पाला खाण्यासाठी विकला. लानने म्हणे त्यांना खूप समजावलं, की मी विकत नाही, बाईने मागून नेला, मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, तसं त्या बाईकडून लिहून आण.

ती आली. इस्माईलचाचांनी तिला गाडीतून आणलं आणि ते खाली थांबले. भर दुपार होती, दोन वाजलेले. दारात लान उभी, घामाने निथळत, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक टाइप केलेला कागद. पाच ओळी होत्या. दुकानदार बाईने मला पानं न खाण्याबद्दल बजावलं होतं, मी माझ्या जबाबदारीवर नेली, वगैरे. खाली सहीची रेघ. "साइन," लान म्हणाली. "प्लीज. ओन्ली साइन."

आतून नवरा मराठीत म्हणाला, "कशावरही सही करू नकोस. उद्या आपल्या व्हिसावर यायचं." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो नसता बोलला तरी मी सही केली नसती. व्हिसाचं मला भय नव्हतं. तो कागद फिरत फिरत बुसैतीनला पोचला असता, त्याचं होतं.

लानने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. तिने माझ्या मागे पाहिलं. ईरा येऊन उभी होती. लान गुडघ्यांवर बसली, ईराच्या उंचीला आली, आणि म्हणाली, "यू देअर. यू हिअर मी. टेल मामा. यू रिमेंबर?"

ईराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि जी पोर नऊ वर्षांत माझ्याशी एक धड वाक्य मराठीत बोलली नव्हती, ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "मला काही आठवत नाही."

किती वर्षं मी तिच्या मराठीसाठी जीव टाकला होता! ते वाक्य असं यायचं होतं. लानला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळायला शब्द लागत नाहीत. ती उठली. मी म्हटलं, "टुमारो. आय विल थिंक. इंशाल्ला." या देशात आठवडाभर राहिलेल्या माणसालाही कळतं, की अशा वेळी या शब्दाने कुणी काही देत नसतं. लानने फोल्डर बंद केलं, टॉवेलने तोंड पुसलं आणि जिना उतरून गेली. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने गेली.

मग दुकान बंद झालं. महिन्याभराने मी त्या गल्लीत गेले, ब्लाउजचं निमित्त करून. मागच्या बोळात एसीचं पाणी सिमेंटवर ठिबकत होतं. खोकी उलटी पडलेली, अळू वाळून काळा झालेला. चाचांनी ब्लाउज कागदात गुंडाळून दिला. म्हणाले, "खलास. गेली ती. मोटी पोर शाला सोडून कारखान्यात लागली म्हनत व्हती." मी "अरेरे" म्हटलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "वयनी, पुडचे कपडे दुसरीकडं टाका. माजी नजर आता नीट चालत नाय," म्हणाले, आणि सुईत एका फटक्यात दोरा ओवला.

त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. फोटोतल्या दोघींपैकी मोठी कुठली, तेही ठाऊक नाही. पण लाल माठ चिरताना, घोसाळी सोलताना ती येते, सायकल धरून उभी राहते. पोथीत म्हणतात, ऋषिपंचमीचं व्रत अजाणता घडलेल्या दोषांसाठी आहे. जाणूनबुजून केलेल्याचं काय, ते मी भटजींनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ताई, तुमच्या हातून असं काय घडणार?

यंदा मात्र माझ्याच्याने राहवेना. ईरा आता चौदाची आहे. उत्तम मराठी बोलते, आणि मी विचारल्याशिवाय माझ्याशी बोलत नाही. परवा सुलभाताईंचा फोन आला, गणपतीचं आमंत्रण द्यायला. मी म्हटलं, आज बोलूनच टाकायचं. काय व्हायचं ते होवो, मंडळातून नाव कटलं तर कटलं.

"सुलभाताई, त्या वर्षीच्या भाजीचं सांगायचंय. लानने मला फसवलं नव्हतं. तिने दहादा बजावलं होतं, पानं खाऊ नका म्हणून. चिरतानाच माझे हात सुजले होते, तरी मी वाढली. मुन्नाला जे झालं ते माझ्यामुळे झालं."

पलीकडून त्या हसल्या. चक्क हसल्या.

"अगं वेडे, ते काय आम्हाला कळलं नव्हतं? अळू खाजरा निघाला तर दोष चिरणारीचा असतो, हे कुणाला शिकवायला हवं? आणि तुझे हात मी पाहिले होते की त्या दिवशी. सगळ्यांनीच पाहिले होते."

"मग तक्रार कशाला केलीत?"

"मग काय तुझी करायची होती?" सुलभाताईंच्या आवाजात खरंच माया होती. "आपल्या बाईला कुणी असं चव्हाट्यावर आणतं होय? ती काय, परकी. आज इथे, उद्या आणखी कुठे. तिचं काय अडतंय? तू उगीच मनाला लावून घेतेस हो. बरं, ते राहू दे. यंदा तीस माणसं आहेत. ऋषीची भाजी तूच करतेयस ना?"

"करते की," मी म्हटलं, आणि कागद घेऊन भाज्यांची यादी करायला बसले.